निकाल बघून सर निवडू नका

बारावीच्या गणिताची शिकवणी कुणाकडे लावायची, असं विचारलं की आपल्याकडे उत्तर तयार असतं: ज्यांचा रिझल्ट चांगला, त्यांच्याकडे. मग चौकातल्या फ्लेक्सवरचे फोटो पाहिले जातात, ओळखीच्या दोन-चार पालकांना फोन होतात आणि जागा भरायच्या आत फी भरली जाते. मूल नेमकं कुठे अडतंय, हे या सगळ्या धावपळीत कुणी विचारत नाही. हा क्रमच उलटा आहे असं माझं म्हणणं आहे, आणि कॅल्क्युलसच्या बाबतीत त्याची किंमत फार मोठी पडते.

आधी निकालाचा मुद्दा घेऊ. फ्लेक्सवर झळकणारी मुलं खरीच असतात, त्यांचे गुणही खरे असतात. पण त्यावरून सर चांगलं शिकवतात हे सिद्ध होत नाही. मोठे क्लास प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडतात. वरच्या बॅचला एक शिक्षक मिळतो, खालच्या बॅचला दुसरा. आधीच तयार असलेलं मूल तयार होऊन बाहेर पडलं, तर श्रेय कुणाचं? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापताना त्याने कोणता कोर्स केला, तो किती मुदतीचा होता, त्याचे पैसे भरले होते का, हे सांगणं आता बंधनकारक आहे. अशी सक्ती करावी लागली, यातच सगळं आलं. आणि पालकाला खरा हवा असलेला आकडा, म्हणजे त्या बॅचमध्ये एकूण मुलं किती होती आणि मधूनच किती गळाली, तो आजही खोदून विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, क्लास नकोच, घरी येणारे सर ठेवा. एकास एक शिकवण्यासारखं दुसरं काही नाही. या म्हणण्याला मोठा आधार आहे. बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये लिहिलं की स्वतंत्र शिकवणी मिळालेलं सरासरी मूल वर्गात शिकणाऱ्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जाऊ शकतं. पण त्या प्रयोगांत शिक्षक नुसता शेजारी बसलेला नव्हता. ठरावीक टप्प्यांवर चाचणी होत होती, चूक सापडली की ती दुरुस्त केली जात होती आणि मगच पुढचा धडा सुरू होत होता. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शिकवणीचा परिणाम ब्लूमच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी निघाला. तरीही तो चांगलाच आहे. मात्र तो मिळतो तो तपासणीतून आणि दुरुस्तीतून. आपल्याकडच्या कितीतरी घरगुती शिकवण्यांत सर तासभर स्वतःच गणितं सोडवतात आणि मूल ती उतरवून घेतं. तिथे विद्यार्थी एकच असतो, शिकवणं मात्र साठ जणांच्या वर्गातलंच असतं.

तिसरा पक्ष सगळ्यांत बळकट आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. तो म्हणतो: कन्सेप्ट वगैरे ठीक आहे, पण सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. तिथे ट्रिका सांगणारे सरच हवेत. वेगाची गरज मला पूर्ण मान्य आहे. सराव नसलेल्या मुलाला तो पेपर पुरा होत नाही. पण ट्रिक कधी चालते हे कळलं नाही, तर तीच गुण घालवते. लिमिटचं गणित दिसलं की अंशाचा आणि छेदाचा डेरिव्हेटिव्ह काढून मोकळं व्हायचं, ही लोपितालची पद्धत मुलांना फार आवडते. आता एक्स शून्याकडे जाताना, एक्स अधिक एक भागिले एक्स अधिक दोन, याची लिमिट काढा. किंमत घातली की उत्तर सरळ एक द्वितीयांश येतं. पण सवयीने लोपिताल लावणारा मुलगा वर एक, खाली एक असं लिहून ‘एक’ या पर्यायावर खूण करतो. अंश आणि छेद दोन्ही शून्याकडे जात असतील (किंवा दोन्ही अनंताकडे) तरच ही पद्धत लागू होते, हे त्याला कुणी थांबून सांगितलेलंच नसतं. म्हणजे वेगासाठी समज सोडली आणि दोन्ही हातचं गेलं.

मग सर निवडायचे कसे? माझं उत्तर असं: आधी वही उघडा. कॅल्क्युलसमध्ये नापास होणारी पुष्कळ मुलं कॅल्क्युलसमुळे नापास होत नाहीत. इंटिग्रेशनचं गणित सुरुवातीला बरोबर असतं आणि चौथ्या ओळीत, एक्सचा वर्ग अधिक नऊ याचं वर्गमूळ, मुलगी एक्स अधिक तीन असं लिहून मोकळी होते. तिला एक्सच्या जागी चार घालायला सांगा. खरं उत्तर पाच, तिचं सात. ही चूक शाळेतल्या बीजगणिताची आहे आणि ती सापडेपर्यंत बारावीचा कितीही नामवंत शिक्षक तिच्या कामाचा नाही. उरलेल्या मुलांचं दुखणं वेगळं. कुणी साइन तीन एक्सचा डेरिव्हेटिव्ह नुसता कॉस तीन एक्स लिहितो, त्याच्या बाहेरचा तीन विसरतो. त्याला चेन रूलचा भरपूर सराव करून घेणारा, रोज वही तपासणारा शिक्षक पुरतो. कुणाला सूत्रं तोंडपाठ असतात, पण भिंतीवरून घसरणाऱ्या शिडीचं गणित आलं की समीकरण मांडता येत नाही; त्याला आकृती काढायला लावणारा, वाक्य वाचून घेणारा शिक्षक हवा. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलासमोर तर गणिताचं एम-थ्री उभं राहतं आणि एम-वन, एम-टू त्याने पाहिलेलंच नसतं. त्याला बारावीच्या बॅचमध्ये बसवून काही साधत नाही. मधली पोकळी भरून देणारं कुणीतरी त्याला हवं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला मराठीत समजावणारे सर मिळाले, तर त्याचं निम्मं ओझं उतरतं.

आणखी एक मूल असतं आणि त्याच्याविषयी मला विशेष कळकळ आहे. फर्स्ट प्रिन्सिपलने एक्स वर्गाचा डेरिव्हेटिव्ह काढताना ते अडतं. एक्स अधिक एचचा वर्ग करायचा, त्यातून एक्स वर्ग वजा करायचा, एचने भागायचं. उरतं दोन एक्स अधिक एच. मग एच शून्य धरायचा. मूल विचारतं, "सर, एच शून्य आहे की नाही? शून्य असेल तर त्याने भागलं कसं? आणि नसेल तर शेवटी टाकून का दिला?" अनेक ठिकाणी उत्तर मिळतं: हे परीक्षेत येत नाही, पुढे चल. वास्तविक हाच प्रश्न बिशप जॉर्ज बर्कली यांनी १७३४ मध्ये न्यूटनच्या पद्धतीवर आक्षेप म्हणून घेतला होता. पुढे कोशी यांनी १८२१ मध्ये लिमिटच्या पायावर या शास्त्राची मांडणी केली आणि वायरश्ट्रास यांनी ती आणखी काटेकोर केली, तेव्हा कुठे त्याला समाधानकारक उत्तर मिळालं. ज्या शंकेने गणितज्ञांना शतकभर कामाला लावलं, ती सतरा वर्षांच्या मुलाला आपसूक सुचली, तर ती दडपणारा माणूस, त्याचा निकाल काहीही असो, या मुलाचा शिक्षक होऊ शकत नाही. शिक्षकाला लगेच पूर्ण उत्तर देता आलं नाही तरी चालेल. "चांगलं विचारलंस, एच शून्य नाही, तो शून्याच्या हवा तितका जवळ जातोय," एवढं म्हणून त्याने एचच्या जागी ०.१, ०.०१, ०.००१ घालून आकडे मांडले, तरी मुलाला वाट दिसते.

असे शिक्षक ओळखायला पहिला एक तास पुरेसा असतो. त्या तासात पेन कुणाच्या हातात आहे, ते बघा. चुकलेल्या ओळीवर सर लगेच काट मारतात की "ही ओळ कशी आली?" असं विचारतात, ते बघा. आणि तास संपल्यावर मुलाला विचारा, की तिथे प्रश्न विचारायची भीती वाटली का. साठ-सत्तर मुलांच्या बॅचमध्ये हात वर करायला कचरणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत हा एक प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा आहे. शिकायचं त्यांना आहे, तेव्हा निवडीत त्यांचं मत शेवटचं असलं पाहिजे.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने कोर्स मध्येच सोडला, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी. पण या सूचना ५० पेक्षा जास्त मुलांना शिकवणाऱ्या केंद्रांसाठी आहेत. घरगुती शिकवणीला त्या लागू नाहीत. तेव्हा पालकहो, वर्षाची फी एकरकमी भरू नका. मुलाने चुकवलेली दोन-तीन गणितं न खोडता, आहेत तशी त्या सरांपुढे किंवा मॅडमपुढे ठेवा आणि मूल कुठे अडतंय ते त्यांनाच सांगू द्या. ज्यांना ते सांगता येईल, त्यांच्याकडे महिनाभर पाठवा आणि मग ठरवा.