अहवाल आला, काम कुणाचे?

यवतमाळचे आम्ही कापडवाले रोजमेळ एक दिवस चुकवत नाही. वेबसाइट मात्र बनवणाऱ्याला पैसे दिले की विसरतो. गेल्या रमजानमध्ये पुसदच्या गिऱ्हाइकाने आमच्या साइटवर पाहून सलवार-सूटचे कापड मागितले. माल महिन्यापूर्वीच संपलेला! गुगलचे 'सर्च कन्सोल' कोणत्या पानावर किती क्लिक झाले, कोणते पान सापडत नाही, हे फुकट सांगते. सर्वाधिक क्लिक नेमके त्याच पानावर होते. ई-मेल येत होते, उघडतो कोण? शिल्लक मालाची खबर मात्र गुगलला नसते, ती गल्ल्यावर बसणाऱ्यालाच. म्हणून आता दर शुक्रवारी अहवाल आणि स्टॉकची वही शेजारी ठेवून यादी करतो: काम, कुणाचे नाव, तारीख. नावाशिवाय लिहिलेले एक काम तीन आठवडे तसेच पडून होते. पोरे वहीला हसतात. पण बकरी ईदच्या आधी साइटवरचे जुने भाव त्यांनीच बदलले.