रुईच्या बाजूने

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालावयाची, रथसप्तमीच्या स्नानासाठी अर्कपत्रे शोधीत हिंडावयाचे, आणि तीच रुई आपल्या कुंपणाशी उगवली की माळ्याकरवी समूळ खणून काढावयाची, ही आपल्या घरांतील विसंगती आता स्पष्ट बोलून दाखविली पाहिजे. देवाला चालणारे झाड दाराशी का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस आजवर मिळालेले नाही.

रुई अशुभ, ती ओसाडीत उगवते, असे सांगितले जाते. परंतु सूर्याची समिधा म्हणून अर्क मान्य करणाऱ्या आणि तिसऱ्या विवाहापूर्वी वराचे लग्न अर्काशी लावणाऱ्या परंपरेने तिला अशुभ म्हणणे शोभत नाही. चिकाचा आक्षेप मात्र खरा आहे. तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. यावर उपाय एवढाच की, झाड मुलांच्या वाटेपासून दूर, भिंतीच्या कडेला लावावे आणि हाताळल्यावर हात धुवावेत. कण्हेरही विषारीच आहे. तिला आपण कधी हद्दपार केले?

या कडू चिकावरच एका जिवाचा संसार उभा आहे. इंग्रजीत 'प्लेन टायगर' म्हणतात ते नारिंगी फुलपाखरू रुईच्या पानांवर सुटे सुटे अंडे घालते. काळ्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या आणि पिवळ्या ठिपक्यांच्या अळ्या ती पाने खातात, त्यांतील विष अंगी साठवितात, आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या वाटेला सहसा जात नाही. अमेरिकेतील 'मोनार्क' याच कुळातला. त्याच्या स्थलांतरी समूहाची नोंद 2022 साली संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत झाली आणि तेथील लोक त्याच्यासाठी अंगणात चिकाची झाडे लावतात. त्यांचे आपण कौतुक करतो, आणि आपली रुई उपटतो!

हौशी मंडळी रोपवाटिकेतून लाल-पिवळ्या फुलांचे 'हळदीकुंकू' आणतात. अळ्या तेही खातात, हे आम्ही नाकारीत नाही. पण ते मूळचे उष्ण अमेरिकेतले, आणि उन्हाळ्यात त्याला पाणी घालावे लागते. माळव्यात, बडोद्यात किंवा दख्खनच्या पठारावर वैशाखात सारे करपते, तेव्हाही खोल मुळांची रुई हिरवी असते.

लागवड सोपी आहे. बोंडे फुटू लागताच कापसासह उडणारे बी गोळा करावे आणि मृगाच्या सुमारास निचऱ्याच्या जमिनीत उथळ पेरावे. पहिल्या वर्षी बेताचे पाणी द्यावे, पुढे नको. कीटकनाशक मुळीच मारू नये. अळ्यांनी झाड ओके केले तरी ते पुन्हा फुटते.

आपले पूर्वज परप्रांती आले आणि तेथलेच झाले. रुई तर सर्वत्र आधीपासूनच आहे: हिंदीत आक, गुजरातीत आकडो, तेलुगूत जिल्लेडु. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, अंगणे फरशीखाली गेली, तरी प्रत्येक कुंपणाशी हातभर माती उरलेली असतेच. ती मातीही आपण शोभेच्या झाडांना देणार असू, तर निदान शनिवारच्या माळेसाठी दुसऱ्याच्या बांधावरची पाने ओरबाडणे तरी थांबवावे.