चंद्रावरील नसलेला पर्वत

कोजागरीच्या रात्रीं आटीव दूध घेऊन झालें, कीं घरांतील एखादा हौशी मुलगा गच्चीवर दुर्बीण लावतो आणि बहुधा निराश होतो. चंद्रावरील डोंगर व विवरें पाहावयास जावें, तों दिसते नुसती पांढरी तबकडी! दोष दुर्बिणीचा नव्हे, तिथीचा. पौर्णिमेस सूर्य आपल्या पाठीकडून चंद्रावर उजेड टाकतो. त्यामुळें तेथील सावल्या आपणांस दिसत नाहींत, आणि सावलीवांचून चढउतार ओळखणें कठीण. शुद्ध अष्टमीस पाहावें, म्हणजे उजेड-अंधाराच्या सीमेवर एकेक कडा कोरल्यासारखा उठून दिसतो.

ही फसगत मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही झाली आहे. १९५९ च्या ऑक्टोबरांत रशियाच्या ‘लूना ३’ या यानानें चंद्राची पलीकडची बाजू प्रथम टिपली. फिल्म यानांतच धुतली गेली व चित्रें बिनतारी यंत्रानें पृथ्वीवर आलीं. परंतु छायाचित्रें घेतांना सूर्य यानाच्या पाठीशीं होता. म्हणजे तेथेंही कोजागरीच! त्या अंधुक चित्रांत एक लांब पांढुरका पट्टा दिसला. तो पर्वतरांग समजून नकाशांत काढला गेला, आणि त्यास ‘सोव्हिएत पर्वत’ असें भारदस्त नांवही मिळालें. पुढें अधिक स्पष्ट चित्रें आलीं तेव्हां कळलें, कीं तेथें पर्वत नाहींच. आघातानें उधळलेल्या फिकट मातीचा तो पट्टा होता. नांव पुसावें लागलें. आम्हांस या फजितीचें हसूं येत नाहीं. त्याच चित्रांत सांपडलेला ‘मॉस्को सागर’ नकाशावर कायम राहिला आहे.

पुढें एकट्या सावलीवर विसंबण्याचें कारण उरलें नाहीं. २०१९ मध्यें गेलेल्या आपल्या चांद्रयान-२ वरील एक कॅमेरा तीच जमीन पुढून, वरून व मागून अशी तीनदां टिपतो. डोळ्यांसमोर बोट धरून एकेक डोळा मिटला असतां बोट सरकल्यासारखें दिसतें. तसाच निरनिराळ्या चित्रांत डोंगरमाथा सरकतो, आणि त्या सरकण्यावरून उंचीचें गणित मांडतात. त्या वर्षीं उतरणारें यान कोसळलें, परंतु चंद्राभोंवतीं फिरणारें यान शाबूत राहिलें. त्याच्या दुसऱ्या कॅमेऱ्यास सुमारें पाव मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. चांद्रयान-३ साठीं जागा निवडतांना तीं चित्रें उपयोगी पडलीं, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजीं तें सुखरूप उतरलें.

दक्षिण ध्रुवापाशीं मात्र अडचण उलटी. तेथें सूर्य क्षितिजालगत फिरतो, आणि कांहीं विवरांच्या तळाशीं ऊन कधींच पोंचत नाहीं. अशा ठिकाणीं साधा कॅमेरा फारसा कामाचा नाहीं. २००९ मध्यें गेलेल्या अमेरिकेच्या यानानें लेसरचा किरण खालीं सोडला आणि तो परतण्यास लागलेल्या वेळावरून तो काळोख मोजून काढला.