शेवरले गेली, गाडी राहिली: ब्रँड निघून गेल्यावर मालकाच्या हातात काय उरतं?

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या बीकेसीत टेस्लाचं शोरूम उघडलं, तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं, "उद्या ही पण कंपनी गाशा गुंडाळून गेली तर?" सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. मी नाही टाकला. कारण नांदेडला आमच्या दारात एका अमेरिकन ब्रँडची गाडी उभी आहे, आणि तो ब्रँड २०१७ मध्येच भारतातून गेलाय.

गाडी म्हणजे शेवरले बीट. आमच्याकडे सगळे 'शेवरलेट'च म्हणतात. पप्पांनी ती २०१८ मध्ये पुण्यातून सेकंड हॅण्ड घेतली, म्हणजे कंपनी गेल्यावर. मी तेव्हा विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात होतो आणि मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो की बंद ब्रँडची गाडी कोण घेतं? पप्पांचं गणित सरळ होतं. कंपनी गेली म्हणून भाव पडले, तेवढ्या पैशात इतर कंपन्यांची तीन-चार वर्षं जास्त जुनी गाडी आली असती. असं गणित केलेले पप्पा एकटेच नव्हते. नांदेड-लातूर रस्त्यावर एमएच-१२ आणि एमएच-१४ नंबरच्या बीट, स्पार्क, सेल अजून दिसतात. पुण्याने विकल्या, मराठवाड्याने घेतल्या.

ही कंपनी पहिल्यांदा गेली नव्हती

थोडा इतिहास बघू, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यातूनच येतो. शेवरले ही जनरल मोटर्सची गाडी. जीएमने भारतात पहिल्यांदा पाय ठेवला तो १९२८ मध्ये, मुंबईत. शिवडीला त्यांचा कारखाना होता, तिथे सुटे भाग जोडून गाड्या आणि ट्रक तयार व्हायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण बदललं, नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे जागा राहिली नाही आणि १९५४ मध्ये जीएमने काम बंद केलं. नव्वदच्या दशकात ते परत आले. हिंदुस्तान मोटर्सच्या जोडीने गुजरातमधल्या हालोलला ओपेल ॲस्ट्रा बनवायला लागले. २००३ मध्ये शेवरले हे नाव पुन्हा आणलं आणि पुढच्या काही वर्षांत ओपेलला निरोप दिला. २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला दुसरा कारखाना उभा राहिला.

आता गंमत बघा. नाव अमेरिकन, पण गाड्या? ऑप्ट्रा आणि स्पार्क मुळात कोरियाच्या देवूच्या. स्पार्क म्हणजे आपली जुनी मॅटिझच. टवेरा जपानच्या इसुझूची. बीटचं डिझाइन कोरियातलं. सेल आणि एन्जॉय चीनमधल्या भागीदारीतून आलेल्या. डिझेल सेलचं १.३ लिटरचं इंजिन फियाटच्या त्याच घराण्यातलं, ज्यातलं स्विफ्ट डिझेलमध्ये होतं. अमेरिकन म्हणावं असं बोनेटवरचं चिन्ह तेवढं होतं. तेव्हा यावर टीका व्हायची. आज जुन्या गाडीच्या मालकाला हीच भेसळ कामाला येते, कारण पार्ट शोधायला फक्त शेवरलेचंच दार ठोठवावं लागत नाही.

मध्ये २०१३ आलं. टवेराच्या उत्सर्जन चाचणीत गडबड झाल्याचं कंपनीने स्वतःच कबूल केलं आणि सुमारे १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या. काही कर्मचाऱ्यांना काढलं. २०१५ मध्ये १०० कोटी डॉलर भारतात गुंतवणार अशी घोषणा झाली. आणि दोनच वर्षांत, १८ मे २०१७ ला, वर्षाअखेर भारतात विक्री बंद करणार असं जाहीर झालं. त्या आधीच्या आर्थिक वर्षात देशात जेमतेम २५-२६ हजार गाड्या खपल्या होत्या. निर्यात मात्र ७० हजारांवर गेली होती.

म्हणजे कारखाना नापास नव्हता, दुकान नापास होतं. म्हणून विक्री थांबल्यावरही तळेगावातून बीट बनतच राहिली, फक्त ती मेक्सिको आणि आजूबाजूच्या देशांत जायची. डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं. हजाराहून जास्त कामगारांचा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला कारखाना विकायचा सौदा सरकारी मंजुरीअभावी २०२२ मध्ये फिसकटला. शेवटी २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला आणि २०२५ मध्ये तिथून ह्युंदाईच्या गाड्या निघायला लागल्या. (लक्षात घ्या, जगात शेवरले बंद झालेली नाही. बंद झाली ती आपल्यासाठी.)

उंदीर, इलेक्ट्रिशियन आणि गाडीची 'वळख'

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात उंदरांनी आमच्या बीटची वायरिंग कुरतडली. यात कंपनीचा काही दोष नाही, उंदीर ब्रँड बघत नाहीत. पण घाईत बोलावलेल्या एका इलेक्ट्रिशियनने तारा उलटसुलट जोडल्या आणि ईसीयूच उडाला. ईसीयू म्हणजे इंजिनाला किती इंधन द्यायचं, कधी द्यायचं हे ठरवणारा छोटा कॉम्प्युटर.

मला वाटलं, एवढंच ना, दुसरा ईसीयू टाकू. मी सॉफ्टवेअरवाला, माझ्याकडे ऑनलाइन घेतलेलं ब्लूटूथ स्कॅनर पण होतं. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. त्यात ते लावलं की फोनवर गाडीचे एरर कोड दिसतात. यातली गोम अशी की इंजिन आणि प्रदूषणाशी संबंधित बरेचसे कोड सगळ्या कंपन्यांना सारखे असतात, ते कुठलंही स्कॅनर वाचतं. पण किल्लीची नोंद, एअरबॅग, दरवाजांचं लॉक यांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. ती बोलायला त्या कंपनीचं स्कॅनर आणि त्याचं सॉफ्टवेअर लागतं. नांदेडमध्ये आम्ही चार गॅरेज फिरलो. कुणाकडे ते नव्हतं. शेवटी गाडी क्रेनवर टाकून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला नेली, कारण तिथले एक मिस्त्री पूर्वी पुण्यात याच गाड्यांवर काम करायचे.

मिस्त्रींनी दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "इंजिनाला काय बी झालं नाही बघा, इंजिनिअरसाहेब. गाडीची वळख मोडलीय."

यापेक्षा चांगली व्याख्या मी कुठे वाचली नाही. किल्लीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते. किल्ली फिरवली की इमोबिलायझर त्या चिपचा नंबर वाचतो आणि ईसीयूला सांगतो की माणूस घरचा आहे. ईसीयूला पटलं तरच इंजिन चालू होतं. चोरी टाळायला हे उत्तम. पण नवा ईसीयू आला की तो ना इमोबिलायझरला ओळखतो, ना किल्लीला. त्यांची ओळख करून द्यायचा अधिकार कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे, आणि ते घेऊन बसलेलं वर्कशॉप आता आसपास नाही.

मिस्त्रींचा उपाय देशी होता. मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून त्यांनी एका भंगारात निघालेल्या बीटचा पूर्ण सेट मागवला: ईसीयू, इमोबिलायझर आणि किल्ली, तिन्ही एकाच गाडीचे. एकमेकांना आधीच ओळखणारे. बसवले, गाडी चालू. दार उघडायला आमची जुनी किल्ली, इंजिन चालू करायला नवी चिप. पप्पांनी दोन्ही एकाच कड्यात अडकवल्यात. सगळे मिळून चौदा हजार गेले, त्यातले मोठे पैसे क्रेनचेच.

त्या दिवशी शेजारीच एक टवेरा उभी होती, दहा सीटची, लाखभर किलोमीटर कधीच पार केलेली. तिचं सस्पेन्शनचं काम चालू होतं आणि पार्ट लातूरमध्येच मिळाला होता. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स कमी, लोखंड जास्त. लोखंड लेथवर बनवता येतं, सॉफ्टवेअरला लेथ नाही. म्हणूनच मिस्त्री क्रूझसारखी भारी गाडी आली की आधी हात जोडतात आणि टवेराला चहा सांगतात, असं म्हणलं तरी चालेल.

आता गाडी फोन झालीय

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असा फोन असेल ज्याला आता अपडेट येत नाही. फोन चालतो, पण बँकेचं ॲप एक दिवस कुरकुर करतं. आपण शिव्या देऊन नवा घेतो. गाडीचं तसं करता येत नाही, तिचे हप्ते पाच-सात वर्षं चालतात.

आमची बीट निदान सर्व्हरला विचारून चालू होत नाही. आजच्या कनेक्टेड गाड्यांत सिम असतं, फोनवरून एसी चालू करता येतो, लॉक उघडता येतं, आणि सॉफ्टवेअर दुरुस्ती पण इंटरनेटवरून येते. मधला सर्व्हर कंपनीचा. तो बंद पडला तर? ही कल्पना नाही. अमेरिकेतल्या फिस्कर कंपनीने जून २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या ओशन या इलेक्ट्रिक गाडीचे मालक रातोरात अनाथ झाले. त्यांनी स्वतःची संघटना काढली, त्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी गाडीचं सॉफ्टवेअर उकलायला घेतलं. न्यूयॉर्कच्या एका लीज कंपनीने उरलेल्या तीन हजारांहून जास्त गाड्या विकत घेतल्या, आणि मग क्लाउडचा ताबा मिळावा म्हणून आणखी २५ लाख डॉलर मोजले. गाड्या विकत घेतल्या होत्या, तरी.

कायदा काय म्हणतो? भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला होता, जीएम त्यात होतीच. आरोप हाच की सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टलवर माहिती देणं आणि कंपनी गेल्यावर सॉफ्टवेअर खुलं करणं यात फार अंतर आहे. माझ्या मते दुसरी गोष्ट कायद्यात यायला हवी: देश सोडताना स्कॅनरचं सॉफ्टवेअर आणि किल्ली जोडायची सोय जमा करून जा. वॉरंटी आणि सर्व्हिस देत राहू असं कंपन्या जाताना सांगतात, शेवरलेनेही सांगितलं होतं. पण लातूरच्या मिस्त्रींना त्या आश्वासनाचा उपयोग किल्ली जोडताना होत नाही.

कुणी विचारतं, शेवरले किंवा २०२१ मध्ये गेलेल्या फोर्डची जुनी गाडी घेऊ का? मी सरसकट नाही म्हणत नाही. आधी त्या गाडीचं स्कॅनर असलेला मिस्त्री तुमच्या जिल्ह्यात आहे का ते शोधा, मग गाडी बघा. दोन्ही किल्ल्या मालकाकडून मागून घ्या. एकच असेल तर तेवढे पैसे कमी करा. तीच गाडी किंवा तेच इंजिन दुसऱ्या नावाने रस्त्यावर आहे का बघा. आणि नवी कनेक्टेड गाडी घेणार असाल तर सेल्समनला एवढंच विचारा की नेट नसताना यातलं काय काय चालतं. बहुतेक वेळा तो मॅनेजरला बोलावतो.

आमच्या बीटचं काम झाल्यावर मी मिस्त्रींच्या मदतीने ईसीयूच्या मेमरीची कॉपी काढून ठेवली. पुन्हा ईसीयू गेला तर त्याच पार्ट नंबरच्या दुसऱ्या ईसीयूवर ती चढवता येईल आणि किल्ली बदलावी लागणार नाही. मिस्त्रींना हे फारच आवडलं. आता गॅरेजला शेवरले आली की ते आधी कॉपी काढतात आणि मला पाठवतात, माझ्या ड्राइव्हवर त्यांचं एक फोल्डर आहे. परवा एका एन्जॉयची आली. मालक लग्नसराईत ती भाड्याने चालवतो. फाईलचं नाव मिस्त्रींनीच ठेवलंय: 'उदगीर पांढरी, किल्ली एकच'.