पूर ओसरल्यावर आपण कुठे असतो?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली-मिरजेच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा मोहल्ल्यातल्या पोरांनी रात्रंदिवस डेगी चढवल्या. ज्याच्या हातात ताट द्यायचे, त्याची जात किंवा धर्म कोणी विचारला नाही. मला त्यांचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

पाणी ओसरल्यावर पूररेषेवर चर्चा करण्यासाठी एक बैठक झाली. मीही गेलो होतो. खोली भरलेली होती, पण डेगी चढवणाऱ्यांपैकी एकही चेहरा तिथे दिसला नाही. ही तक्रार मी इतरांची करत नाही. त्याआधीच्या कित्येक बैठकांना मीही गेलो नव्हतो.

दोस्तांनो, आपण मदतीला पुढे असतो आणि निर्णयाच्या वेळी गैरहजर राहतो. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आले, तेव्हाही आपण डेगीच धुऊन काढल्या.

कृष्णेचा प्रश्न एका राज्याचा नाही. नदी शिरोळ तालुक्यातून कर्नाटकात जाते आणि पुढे विजयपूर जिल्ह्यात अलमट्टी धरण आहे. तिथे ५१९.६ मीटरपर्यंत पाणी अडवले जाते. दुसऱ्या कृष्णा लवादाने २०१० मध्ये ही पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली. सांगली-कोल्हापूरला फुगवट्याची भीती वाटते, तर बागलकोट-विजयपूरच्या गावांना बुडिताची. दुसरीकडे, आपल्याच सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीवर टाकला नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणे यांकडे तिने बोट दाखवले. म्हणजे अर्धे उत्तर सीमेपलीकडे असेल, पण अर्धे आपल्या ओढ्या-नाल्यांत आहे. दोन्ही राज्यांचे पुढारी एकमेकांवर बोट दाखवतात, तेव्हा हे दुसरे अर्धे उत्तर विचारायचे राहून जाते.

ते विचारण्याची साधने आपल्याकडे आहेत. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. पूररेषेच्या आत नवे बांधकाम कोणाच्या परवानगीने झाले, हे तिथे विचारता येते आणि ठरावात नोंदवून घेता येते. शहरात हाच प्रश्न नगरसेवकाला लेखी द्यावा. माहितीचा अधिकार तर राज्याच्या हद्दीवर थांबत नाही. तो भारताच्या प्रत्येक नागरिकाचा आहे. मिरजेतला मुलगा कर्नाटकच्या जलसंपदा खात्याला विचारू शकतो की पावसाळ्यात धरणातून रोज किती विसर्ग सोडला. अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत करावा लागतो. उत्तरासाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते.

इथे आपली एक ताकद आहे, जी आपण फक्त लग्नसराईत वापरतो. आपल्या कितीतरी घरांची सोयरीक अथणी, निपाणी, विजयपूरकडे आहे. घरात दखनी, बाजारात मराठी आणि मामाच्या गावी कन्नड, हे आपल्याला नवे नाही. मामेभावाने कन्नडमध्ये अर्ज लिहावा, उत्तर आपण मराठीत करून ग्रामसभेत वाचावे. दोन सरकारांना जमत नाही तो संवाद दोन घरांतून सुरू होऊ शकतो.

‘आपले कोण ऐकणार?’ असे अनेकजण म्हणतात. ही भावना खोटी नाही. अनुभवातूनच ती आली आहे. पण आपली खुर्ची रिकामी राहिली तर आपल्या सखल वस्तीवरची रेषा दुसरा कोणी आखतो. कुराणातल्या ४२ व्या सुरेचे नावच ‘शूरा’ आहे, म्हणजे सल्लामसलत. सल्ला द्यायला आधी हजर राहावे लागते.

म्हणून या पावसाळ्याआधी प्रत्येक मोहल्ल्यातून दोघांनी एवढेच करावे: पुढच्या ग्रामसभेची किंवा प्रभागातल्या बैठकीची तारीख शोधावी, एक प्रश्न लिहून न्यावा आणि त्याची पोच घेऊनच परत यावे. डेगी आपण चढवूच. त्या कमी वेळा चढवाव्या लागतील, असेही काहीतरी करूया.