सुटकेची वाट

कायदा असणें आणि कायद्याचें रक्षण मिळणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें वकिलीच्या धंद्यांत पडलेल्या मनुष्यास निराळें सांगावयास नको. कारखान्यांत आग लागली, वायु सुटला अगर बॉयलर फुटला, तर कामगारांनीं कोणत्या वाटेनें बाहेर पडावें, कोठें जमावें आणि त्यांची मोजदाद कोणीं करावी, याची योजना आगाऊ तयार ठेवण्याचें बंधन धोक्याच्या मोठ्या कारखान्यांवर कित्येक वर्षांपासून आहे. बारामती व इंदापूर या तालुक्यांपुढें आज प्रश्न आहे तो असा कीं, ही योजना लिहिली जाते ती कोणासाठीं? कामगारासाठीं, कीं तपासनिसासाठीं?

निरेचा डावा कालवा आला, ऊंस आला आणि उंसामागून कारखाने आले. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगांव, सोमेश्वरनगर, बिजवडी हीं नांवें महाराष्ट्रास परिचित झालीं. बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत वाहनें, दुग्धपदार्थ व कपडे तयार होऊं लागले. इंदापूर तालुक्यांत लोणी देवकर येथेंही वसाहत उभी राहिली. या वैभवाचा आम्हांस अभिमान आहे. परंतु जेथें बॉयलर आहे, बगॅसचे डोंगर आहेत, डिस्टिलरींत मद्यार्काच्या टाक्या आहेत आणि दूध थंड ठेवण्यास अमोनिया वापरला जातो, तेथें संकटही दाराशींच बसलेलें असतें.

साखर ही गोड वस्तु. ती काय घात करणार, असें कोणास वाटत असेल, तर त्यानें अमेरिकेंतील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्याची हकीकत ऐकावी. ७ फेब्रुवारी २००८ रोजीं तेथें साखरेच्या धुळीनें पेट घेतला, एकामागून एक स्फोट झाले व १४ कामगार प्राणास मुकले. चौकशींत असें निष्पन्न झालें कीं, तेथें बाहेर पडण्याची तालीमच घेतली जात नव्हती. संकटाची वर्दी ज्यांच्याजवळ बिनतारी यंत्र अगर फोन होता त्यांसच मिळे, इतरांस ती तोंडोतोंडीं कळावयाची. अमेरिका दूर आहे म्हणावें, तर आपल्याच पुणें जिल्ह्यांत, मुळशी तालुक्यांतील उरवडे येथें ७ जून २०२१ रोजीं रसायनांच्या कारखान्यास आग लागली आणि १७ कामगार मृत्युमुखीं पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. आगीनें व धुरानें वेढल्यावर त्यांस बाहेर पडतां आलें नाहीं.

कायद्याची उणीव आहे असें म्हणण्यास जागा थोडी. १९८४ च्या भोपाळच्या प्रलयानंतर १९८७ सालीं फॅक्टरी कायदा सुधारला गेला. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांप्रमाणें, ते ज्या मोठ्या कारखान्यांस लागू आहेत त्यांनीं दर सहा महिन्यांनीं तालीम घेतली पाहिजे. १९९६ च्या नियमांनीं स्थानिक आपत्ति-गटाचें अध्यक्षपद उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे दिलें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून फॅक्टरी कायद्याची जागा नव्या संहितेनें घेतली. तींतही संकट-योजनेचें बंधन कायम आहे. मात्र यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागेस ‘कारखाना’ म्हणण्यास पूर्वीं १० कामगार पुरत, ते आतां २० लागतात. लहान छपराखालीं राबणाऱ्यांची काळजी यामुळें वाढते, हें आम्ही स्पष्ट नमूद करतों.

खरी उणीव आहे ती अंमलाची. कारखान्याचा भोंगा पंचक्रोशीस पाठ असतो. पाळी बदलली हें त्यावरून कळतें. पण संकटाचा भोंगा निराळा आहे काय, आणि तो कसा वाजतो हें किती जणांस ठाऊक आहे? अमोनिया सुटला असतां वाऱ्याबरोबर पळणारा मनुष्य विषाच्याच सोबतीनें पळतो. म्हणून वाऱ्याची दिशा दाखविणारें निशाण उंचावर हवें आणि जमण्याच्या जागा दोन हव्या, म्हणजे एकीकडे वायु वळला तर दुसरी मोकळी राहील. तालीम दिवसा, पाहुणे आले असतां न घेतां रात्रपाळींत घ्यावी. सूचना मराठींत व परप्रांतीय मजुरांकरितां हिंदींत असावी. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास वाट चालवून दाखवावी.

याहून महत्त्वाची गोष्ट मोजदादीची. हजेरीपटावर कायम कामगारांचीं नांवें असतात; ठेकेदाराच्या माणसांचीं असतीलच असें नाहीं. आणि बीड व इतर जिल्ह्यांतून हंगामास येणारे ऊंसतोड मजूर, जे बायकामुलांसह कारखान्याजवळच्या तळावर पाचटाच्या कोप्यांत राहतात, ते कोणत्या पटावर आहेत? आग लागेल तेव्हां ती पट पाहून कोणास सोडणार नाहीं. ज्या योजनेंत हीं माणसें मोजलेलीं नाहींत, ती योजना अपुरी आहे.

तालमीनें गाळप थांबतें, नुकसान होतें, अशी तक्रार कोणी करील. अर्धा तास गाळप थांबल्याचें नुकसान भरून काढतां येतें. गेलेला जीव नाहीं. शिवाय या भागांतील बहुतेक साखर कारखाने सहकारी आहेत. तेथें मालक परका नाहीं, शेतकरी सभासद हाच मालक आहे. परकीय सत्तेच्या काळीं मजुराच्या जिवाची हेळसांड झाली कीं आपण सरकारास दोष देत असूं. आज दोष द्यावयाचा तर आरशांत पाहूनच द्यावा लागेल. वार्षिक सभेंत उंसाच्या दरासाठीं जो सभासद तासन् तास भांडतो, त्यानें एक प्रश्न अधिक विचारावा: गेल्या हंगामांत तालीम किती वेळां झाली, आणि शेवटचा मनुष्य बाहेर येण्यास किती मिनिटें लागलीं?

आमची मागणी थोडकी आहे. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वीं बारामतीच्या प्रांताधिकाऱ्यांनीं दोन्ही तालुक्यांतील कारखानदार, कामगार संघटना, मुकादम, अग्निशमन दल व रुग्णालयें यांस एकत्र बोलवावें. प्रत्येक कारखान्याची योजना मराठींत फाटकावर लावावयास लावावी. आणि तालमीचा निकाल जाहीर करावा. मोळी टाकण्याचा समारंभ प्रतिवर्षीं थाटानें होतो. त्याच्या आदल्या दिवशीं कारखान्याचीं सगळीं दारें उघडून पाहिलीं, तर त्या समारंभास काडीचाही कमीपणा येणार नाहीं.