अंगणातील शाळा

ज्या घरातील आई सकाळीच धुणीभांड्यांसाठी व बाप मजुरीच्या शोधात बाहेर पडतो, त्या घरातील तीन वर्षांचे मूल दिवसभर कोठे असते, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित समाजास सहसा पडत नाही. स्वतःच्या अपत्याला उत्तम बालवर्गात जागा मिळावी म्हणून तो जिवाचे रान करतो. परंतु आपल्याच घरी भांडी घासणाऱ्या बाईचे मूल पहिलीची पायरी चढण्यापूर्वीच मागे पडलेले असते, याची त्याला गंधवार्ताही नसते.

ज्यांना ही जाणीव फार पूर्वी झाली, त्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने 'अंगणवाडी' हे नाव देशभर नेले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि शालापूर्व शिक्षण यांची तीत सांगड आहे, आणि ती योग्यच आहे. उपाशी व आजारी मुलाच्या डोक्यात अक्षर शिरत नाही, हे वर्गावर उभे राहिलेल्या कोणासही ठाऊक आहे.

मात्र या सांगडीचा सारा भार एका सेविकेवर आणि एका मदतनिसावर पडतो. वजने घ्यावयाची, नोंदी भरावयाच्या, आहार वाटावयाचा. मग शिकवावयाचे केव्हा? तामिळनाडूत ३२० अंगणवाड्यांच्या एका प्रयोगात काही केंद्रांना केवळ शालापूर्व शिक्षणासाठी अर्धवेळ सेविका देण्यात आली. दीड वर्षात तेथील मुलांची भाषेत व गणितात प्रगती झाली. इतकेच नव्हे, तर जुन्या सेविकेस आरोग्याकडे लक्ष देण्यास उसंत मिळाल्याने खुरटलेल्या मुलांचे प्रमाणही घटले. एक जादा माणूस, आणि लाभ दुहेरी!

महाराष्ट्रात काय दिसते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविकांना बेमुदत संपावर जावे लागले. त्यांना वेतन नव्हे, 'मानधन' मिळते. ज्यात ना पुरेसा मान, ना पुरेसे धन, त्यास हे नाव देणे ही भाषेचीच विटंबना होय.

पैसा कोठून आणावा, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. परंतु खुरटलेल्या बालपणाची किंमतही समाज भरतोच. फक्त ती रुग्णालयांत, नापासांच्या याद्यांत आणि अल्प मजुरीत विखुरलेली असल्याने अंदाजपत्रकात दिसत नाही. सरकारने प्रत्येक अंगणवाडीस शिकविण्यासाठी आणखी एक सेविका द्यावी आणि मानधनाच्या जागी वेतन द्यावे. आणि वाचकांनी? आपल्या वस्तीजवळची अंगणवाडी एकदा तरी आत जाऊन पाहावी. जे आपण पाहिलेलेच नाही, त्याबद्दल सरकारला जाब तरी कोणत्या तोंडाने विचारणार?